खाचेपुरतं

इनोकने रुमाल सोडला, आत दोन अर्धे.
ॲल्युमिनियमचे, वाटीसारखे,
एकाच्या मधोमध बेअरिंग, शर्टाच्या बटणाएवढं.
"काका, पॅड गेलेत. खाली जातो, वर येत नाही."

खिडकीशी नेऊन पाहिलं.
टर्निंग चांगलं होतं, कुणीतरी जीव लावून टूल फिरवलेलं.
मध्याभोवती गोल खाच, खाचेत जुन्या सिलिकॉनची कात.
टाचणी घातली तशी अख्खी निघाली.

अंबडला सव्वीस वर्षं मी गास्केट कापली.
गळू नये, एवढंच तिथे म्हणणं होतं.
पकड, आणखी पकड, वरून बोल्ट.
हे पोरगं म्हणतं, पकड हवी,
पण फिरताना दोऱ्याला ती कळता कामा नये.
असला जॉब माझ्याकडे कधी आला नव्हता.

आधी त्याने आणलेल्या तयार चकत्या.
पांढऱ्या, मागे गोंद, मिलिमीटरभर जाड.
खाच किती खोल ते मोजायचं राहिलं,
व्हर्नियर जावयाने शाळेत दाखवायला नेलाय.
चकती काठाच्या वर आली. चालेल, म्हटलं.
इनोकने सोडला, आणि तळाशी पोचायच्या आत
यो-यो उलटा उसळून त्याच्या बोटांच्या गाठींवर बसला.
सातपूरच्या गच्चीवर कबुतरं उडाली.

मग एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ,
हा इनोकचा तोडगा. दोन दिवस चाललाही.
मलाच बघवेना.

द्वारकेवरून लाल ट्यूब आणली, इंजिनला लावतात ती.
बेअरिंग काढून डबीत. खाच स्पिरिटने पुसली.
बोट लावू नकोस, बोटाला तेल असतं,
साबणाने धुतलेल्यालाही.
नोझल टेकवायचं आणि एका दमात फिरवायचं.
थांबलास की गुठळी.
मग जुन्या बसपासची कड, एकच फेरी,
जास्तीचं पासावर, खाचेतलं खाचेत,
काठाच्या केसभर खाली.
कुणाचा केस, ते त्याने विचारलं.
माझे गेलेत.

घरभर शिर्क्याचा वास.
शालन आतून ओरडली, "कांदे कुणी मुरत घातले?"

चोवीस तास, मी बजावलं.
तो अकरा तासांनी आला. माझाही हात शिवशिवत होता.
वर कातडी धरली होती, खाली अजून दही.
दोऱ्याने लाल तार ओढत नेली, पाकासारखी.
पुन्हा टाचणी, पुन्हा स्पिरिट.
या खेपेस अर्धे फ्रिजवर, तांदळाच्या डब्यामागे,
आणि जागा कुणालाच सांगितली नाही.

रविवारी शरणपूरला चर्च सुटलं तसा तो थेट आला,
इस्त्रीच्या शर्टात.
जोडला, दोऱ्याला फास केला. "आधी तुम्ही."

फास मधल्या बोटात घालतात.
माझं मधलं बोट दुसऱ्या पेराशी संपतं.
पॉवर प्रेस, तिसरी पाळी, अठ्ठ्याण्णव.
त्याने पाहिलं. काही बोलला नाही.
फास शेजारच्या बोटात सरकवला, ओढून बघितला,
मी बोल्ट बघायचो तसा.

सोडला.
खाली गेला आणि तिथेच राहिला, फिरत.
दोरा ताठ. लाल कुठे दिसेना,
नुसती झाक, आणि कानाला लागेल न लागेल असा आवाज.
"ओढू नका. ओढून हा येत नाही.
दोरा दुमडून आत द्यायचा, मग पॅड धरतो."
मी ओढलाच.
नाही आला.
हळू झाला, डुलला, त्र्यंबक रोडवर एक टँकर हॉर्न देत गेला,
तोवर लटकत होता नुसता.
पॅडचा दोष नाही, हे मी त्याच्याआधी सांगून टाकलं.

इनोकने दोरा गुंडाळला, यो-यो माझ्या तळव्यात ठेवला.
जिन्यातून शालनची हाक, भाकरी निवतेय.
अंगठ्याच्या नखाखाली लाल रेघ अजून होती.
आलो, म्हटलं, आणि सोडला.