जोडकाम

बेतांतीच्या किनाऱ्यावर
वारा पडला की हावोवा टोपली घेऊन निघते.
वारा असतो तेव्हा वाळूतल्या कवच्या उघड्या पडतात,
पण डोळे उघडत नाहीत.

सापडतात त्या बोटभर, नखभर,
मळक्या पांढऱ्या, बशीएवढ्या जाड.
पाठीवर बारीक टोचे, सुईने काढल्यासारखे.
त्यांतून कधीकाळी आतला जीव
श्वास घेत होता.

संध्याकाळी वाळक्या भोपळ्यावर
ती एकेक तुकडा डिंकाने बसवते.
कुठला कुणाचा, हे बघत नाही.
बाक जुळला की झालं.
एका अंड्यात शंभर अंडी जातात,
पाच-पाचशे वर्षांच्या अंतराने घातलेली,
एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या आयांची.
असलं अंडं कुठल्याही पक्ष्याने घातलेलं नाही.
तेच विकलं जातं.

“वोरोम्पात्रा केवढा होता?”
धाकटा त्सियावा विचारतो. काल विचारलं होतं, तरी.
ती थोरल्याला, रेमानिन्द्रीला, अंगणात उभं करते,
त्याच्या खांद्यावर धाकट्याला.
“आता हात वर कर.”
हाताच्या टोकाशी काही नसतं, ऊन असतं.
“तेवढा.”

म्हातारा मासिनोरो म्हणतो,
तो उडत नसे. उडायचं कशाला,
त्याच्या अंगावर हात टाकील असं
इथे कुणी जन्मलंच नव्हतं.
मग आपण आलो, होड्यांतून.
भाले फारसे लागले नाहीत.
भाल्याने मेला असता तर
मारणाऱ्याचं नाव राहिलं असतं,
त्याच्या नातवंडांनी मिरवलं असतं.
आपण नुसतं अंडं उचललं.
झुडपामागे बसायचं, मादी चरायला लांब जाईस्तोवर,
आणि एक उचलायचं.
अख्खं कूळ जेवायचं त्यात,
वर कवचीत दोन दिवसांचं पाणी.

दुष्काळ होता, असं म्हातारा म्हणतो.
कुठला, ते सांगत नाही.
इथे दुष्काळांना नावं असतात,
पोरांना असतात तशी.
त्या वर्षाला नाव द्यायचं राहून गेलं.
तोंडात घास होता ना सगळ्यांच्या.

या वर्षाचं नाव अजून ठरायचंय.
कसाव्याची पानं संपली.
निवडुंगाची बोंडं उकळून उकळून
पोरांच्या जिभा लाल झाल्या.
पाण्याची बैलगाडी दर चार दिवसांनी येते,
बादलीचा भाव दर खेपेला नवा.

परवा तळहाताएवढा तुकडा सापडला.
आतून काळा.
तिने थुंकी लावून घासला. गेलं नाही.
काजळी होती.
कुणीतरी कवचीतच शिजवलं होतं,
भांडं नसणार,
किंवा पोर रडत असणार.
हावोवाने तुकडा नाकाशी नेला.
वास कसला येणार, मिठाचा आला.
तरी तोंडाला पाणी सुटलं
आणि तिला राग आला.
कुणाचा, ते तिथे वाळूत बसून
तिला ठरवता येईना.

तोलान्यारोहून ट्रकवाला आला.
अंडं बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं,
फिरवलं, आणि बोट घातलं भोकात.
“इथला तुकडा?”
“नाही सापडला.”
“मग एका बादलीचे पैसे कमी.”
“बरं.”

तुकडा घरात आहे, मक्याच्या पिठात.
रात्री ती त्यानेच मोजते.
एक भरून थोरल्याला.
एक धाकट्याला, शीग लावून.
स्वतःसाठी घेताना
किंचित तिरका धरते.