सात पेले

मत्र्याच्या सूकामागं, समुद्राकडे पाठ करून
आमचं गोदाम.
पहिल्याच दिवशी मी सात पेले कॉफी प्यालो.
पेला म्हणजे अर्ध्या अंड्याएवढा, कान नसलेला,
तळाशी दोन घोट, पिवळट, कडू,
साखर नावालाही नाही.
संपवला की भरला.
संपवला की भरला.
मला वाटलं, नोकरीचीच परीक्षा असेल.

आठव्याला याकूब चौगुले,
दाभोळचा, तेवीस वर्षं ह्याच दल्लाहची चोच वाकवणारा,
ओठ न हलवता म्हणाला,
"मनगट हलव की रे.
नाहीतर मगरिबपर्यंत ओतत राहीन,
आणि माझा खांदा दुखतो."

हलवलं.
थांबला.

पुढं माझं काम पोती मोजायचं.
बुंद हरारचे. चहा मोम्बासाहून.
दूध डब्यातलं, डब्यावर गाय, ती हॉलंडची.
वेलची ग्वाटेमालाची, हे मात्र याकूबला पटत नाही.
"वेलची मलबारची. गलबतातून यायची.
माझ्या आज्यानं उतरवल्यात गोणी, ह्याच धक्क्यावर."
मी पोत्यावरचा शिक्का दाखवतो.
तो चष्मा शोधायला लागतो,
जेवणाची सुट्टी होईतो शोधतो.

"मग इथलं काय?" मी एकदा विचारलं.
"पाणी," म्हणाला. जरा थांबून,
"तेही खारं. गोडं करून घेतलेलं."

खमीसशेठची नात चॉकलेटात बुडवलेले खजूर घेऊन आली
तेव्हा त्यानं एक उलटसुलट करून पाहिला.
"खजराला कोट शिवलाय," म्हणाला,
"ह्या उन्हात."
खाल्ला मात्र. दोन खाल्ले.

खमीसशेठ गेले त्या सफर महिन्यात
तीन दिवस माणसं येत राहिली,
सूरहून, सोहारहून, एक म्हातारा थेट झांझिबारहून,
आणि याकूब ओतत राहिला.
डाव्या हातात दल्लाह, उजव्यात पेल्यांची चळत,
पेल्यावर पेला टिचकवायचा, एरवी वाजायचा तो आवाज
तीन दिवस त्यानं होऊ दिला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी गालिचे गुंडाळायच्या आधी
धाकट्या शेठनं त्याच्या हातातून दल्लाह काढून घेतली.
"बस," म्हणाला. ओतली.
नवशिक्याच होता, थोडी बशीत सांडली.

याकूब प्यायला.
पेला पुढं केला.
पुन्हा ओतली. पुन्हा पुढं केला.
मी दाराशी उभा होतो, मोजायची सवय,
सातापर्यंत मोजले.

मनगट काही हलेना त्याचं.