किरकोळ खर्च

थर्माकोलचे दगड एकशे चाळीस,
राखाडी डिस्टेंपर मारून रात्रभर वाळवले शाळेच्या व्हरांड्यात.
प्लॅस्टरचे दात बत्तीस,
उदगीरच्या कवळीवाल्याकडून, दोन रुपयाला एक.
बिब्बे, काळी बाहुली, लिंबं गावातच मिळाली.
कुणी पैसे घेतले नाहीत.

सिनेमाचं नाव अजून ठरत नव्हतं.
साल मात्र पक्कं: फसली तेराशे एकतीस,
निजामाचा अंमल, हाली शिक्का.
इंगोले सर म्हणाले, अंगरख्याला बटन दिसता कामा नये,
विजेच्या तारा फ्रेमबाहेर,
बाकी गाव तसंच चालतंय.
तसंच चाललं.

भानामतीवाली म्हणून ठरलेली नटी
लातूरहून आलीच नाही.
सरपंचाच्या पोरानं धुरपताबाईला आणलं,
दंडाला नुसता हात लावून.
तोंडात एक दात नाही.
सर खूश, मेकअप वाचला.
तीनशे ठरले. जेवण वेगळं.

गर्दी फुकट होती.
तिला काही शिकवावं लागलं नाही.
किती अंतरावर थांबायचं,
बायांनी पोरं कुठल्या काखेला घ्यायची,
पहिला दगड कुणाचा, सगळं आपोआप.
पक्कड मी राजुरेच्या हातात दिली.
तो पाटील झाला होता, एरवी देगलूरला मोबाईल दुरुस्त करतो.
तालमीत त्यानं ती वरच्या दातांना लावली.
तेवढ्यात पारावरनं एक म्हातारा उठला,
धोतर झटकत आला.
"तसं न्हाई. आधी खालचे.
खालचे गेले की मंतर फुटत न्हाई,
निसता वारा हुतो."
आणि जबड्यावर बोटं कुठं रोवायची ते दाखवलं,
राजुरेच्याच जबड्यावर, हलक्या हातानं.
सर म्हणाले, व्वा, असलं डिटेल कुठं मिळणार!

कडुनिंबाखाली मी खडूनं खूण केली होती.
धुरपताबाई खुणेवर थांबली नाही.
चार पावलं डावीकडं गेली,
मुळी वर आलीय तिथं पाठ टेकली,
हात स्वतःच मागं नेले.
कॅमेरा सरकवावा लागला.

मी दगड वाटत होतो. तिनं एक मागितला.
तळहातावर तोलला, उलटा केला.
कोपरा फुटून आतलं पांढरं दिसत होतं.
"यवढा हलका?"
हसली असावी. तसल्या तोंडाचं कळत नाही.
मी सहज विचारलं,
मावशी, तुमच्या आजीच्या वेळचं का हे?
"बहात्तर," ती म्हणाली.
"खडी फोडाया जायचो. हीर आटली,
तव्हा."
पुढचं राहिलं. सरांनी सायलेन्स म्हटलं.

संवाद एकच होता: मी काय न्हाई केलं, मायबाप.
पहिला टेक. वारा.
दुसरा टेक. वारा.
तिसऱ्याला दगड उडाले, तरंगत, छान,
पण ती थांबेना, ओठ चालूच.
साउंडवाला इब्राहीम हेडफोन दाबून धरत
माझ्या कानाशी आला:
संवाद नाही हा. नावं आहेत.
आडनावासकट.

गर्दीला हेडफोन लागत नव्हता.
एकेक माणूस मागं सरत होतं,
हजेरीला ओ द्यावी लागेल अशा भीतीनं.
पार रिकामा होता.
सर ओरडले, कट! गर्दी कामून फुटली?

रात्री गॅसबत्तीत तिनं व्हाउचरवर अंगठा दिला,
नोटा तीनदा मोजल्या,
आणि जेवण डब्यात भरून मागितलं.

आवाज पुण्यात डब झाला.
बाई चांगली होती, तिशीची,
एकाच टेकात म्हणाली, मी काय न्हाई केलं, मायबाप.
लख्ख. सगळे दात लावून.

माझा हिशेब मी दिला.
दात बत्तीस, न वापरता परत.
दगड एकशे एकोणचाळीस.
एक कमी, त्यापुढं शेरा लिहिला:
वाऱ्यानं गेला.