पाचवं वर्ष क्लबच्या मर्जीवर

क्लीव्हलंड. जानेवारी. सकाळचे सहा.
सरोवरावरचा वारा पार्किंगमधलं मीठ उडवतोय
आणि आत, चार नंबरच्या खुर्चीत, चेस्टर व्होइत्कोव्याक
सुई टोचायच्या आधीच सुरू:
"बहात्तर मिलियन! चार वर्षं!
आणि कुणाला? चौतिशीच्या डावखुऱ्याला!"

हात सरळ, मी म्हणते.
हात सरळ करतो. जीभ नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार यांचा फड इथं भरतो.
चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं,
तेवढ्यात हे तिघं
अख्खी टीम मोडून पुन्हा बांधतात.
पाच नंबरला ओडेसा प्रुइट, मांडीवर जांभळी शाल.
सहाला स्टॅन्को झुपान्चिच, पोलाद कारखान्यातला जुना युनियनवाला,
कुठलाही करार शेवटच्या पानापासून वाचणारा.

"पाचवं वर्ष क्लबच्या मर्जीवर," स्टॅन्को सांगतो.
"आणि निम्मे पैसे मागाहून, हप्त्यानं,
तो म्हातारा होईस्तोवर."
"शहाणं आहे पोरगं," ओडेसा.
"मालक खुळा आहे," चेस्टर.

मशीन ओरडतं. नळी दुमडलेली.
ती सरळ करून मान वर करते
तोवर यांनी सेकंड बेसमन विकूनसुद्धा टाकलाय.

चेस्टरचा हिशेब पथ्याच्या कागदामागं,
ज्याच्या पुढच्या बाजूला केळी आणि बटाटे खोडलेत:
वर्षाला अठरा मिलियन, सामने तीस,
सामन्याला सहा लाख,
सामन्यात चेंडू नव्वद,
चेंडूमागं साडेसहा हजार डॉलर, वर चिल्लर.
"चुकलेल्या चेंडूचेसुद्धा!" तो म्हणतो,
आणि खरंच दुखावल्यासारखा खिडकीकडं बघतो.

आमच्या तासगावाकडं जत्रेआधी
म्हातारे असेच हमरीतुमरीवर यायचे,
कुणाची जोड कुणाशी, इनाम केवढं,
गुडघा गेलेल्याला पुन्हा मातीत उतरवावं का.
जन्मात लंगोट न कसलेलेच जास्त तावातावानं.
एकदा हे यांना सांगायला गेले
आणि जोड या शब्दापाशीच अडकले.

"कोपर शिवलंय त्याचं," चेस्टर हट्टानं.
"मनगटातली दोरी काढून तिथं बांधलीय."
ओडेसा शाल बाजूला सारते.
"हा बघ. माझाही शिवलेलाच.
धमनीला शीर जोडून दिली, नऊ वर्षं झाली.
आठवड्याला तीनदा मैदानात.
एक दिवस बाकावर बसले असेन तर सांग."
त्या हाताची घरघर मला ठाऊक आहे.
बोट ठेवलं की कातडीखाली मधमाश्या.

मग ती म्हणते, "लाव पाच डॉलर.
चौथ्या वर्षीसुद्धा तोच पहिला चेंडू टाकेल."
"चौथ्या वर्षी तो घरी बसून मासे धरेल. लावले!"
स्टॅन्को दोघांना थांबवतो. तोंडी करार तो मानत नाही.
हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडून
मी लिहून घेते. तीन सह्या, वेड्यावाकड्या,
कारण ज्याचा त्याचा लिहिता हात मोकळा नाही.
चौथं वर्ष म्हणजे नेमकं कधी
ते कुणी मोजलं नाही.
मोजलं असेल तर बोललं नाही.

पंधरा डॉलर माझ्याकडं.
माझ्याकडं! जिचा करार तेरा आठवड्यांचा,
मार्चमध्ये संपणारा,
चौथा महिनासुद्धा एजन्सीच्या मर्जीवर.
पाकीट ड्रॉवरच्या आतल्या अंगाला टेपनं चिकटवलं.

जेवणाच्या सुट्टीत एजन्सीच्या बाईंचा फोन.
पोर्टलंडला जागा आहे. तासाला दोन डॉलर जास्त.
कळवते, म्हटलं.
मग न राहवून विचारलं,
इथलाच जरा लांबचा करार नाही का मिळणार?
लांबचा म्हणजे किती, त्या हसल्या.
काचेपलीकडं चारचं मशीन बोंबलायला लागलं.
हात वाकवला असणार पुन्हा,
कॅचरवर आला असणार आता.