लिंट

जिनिंगच्या भिंतीला लागून आमचं ऑफिस,
राळेगावात, कृषी केंद्राच्या माडीवर.
पुसाच्या दुपारी खिडकी उघडी राहिली
तर कीबोर्डवर रुई येऊन बसते.
मोईन आधी फुंकर मारतो, मग टाईप करतो.

चौघं जण, तीन प्रोजेक्ट.
मोईन चार स्पेस सोडतो, वृषाली दोन,
मी टॅब, आणि अर्धविराम आठवला तर.
टेकाम कसं लिहितो कोणी विचारत नाही,
त्याचं चालतं.
मंगळवारी एका बटणाचा रंग बदलायचा होता,
तर चारशे ओळी बदललेल्या दिसल्या.
त्यातल्या तीनशे नव्याण्णव नुसती मोकळी जागा.

"आता बस झालं बाप्पा," वृषाली म्हणाली,
"एकच फाईल बनवू. तिन्हीले तेच नियम."

हात वर करून ठरलं:
दोन स्पेस. अवतरण एकेरी.
अर्धविराम पाहिजेच, तिघं विरुद्ध मी.
नाव ठेवून न वापरलेलं काही असेल तर लाल.
विसरलेला कन्सोल मात्र पिवळा,
"रात्री लागते तो," मोईन म्हणाला.

पहिल्यांदा चालवलं. अकराशे त्रेचाळीस चुका.
"माह्या किती?" मी विचारलं.
सगळे चहाला उठले.

बाबा खाली ग्रेडर आहेत.
चिमटीत बोंड ओढून धाग्याची लांबी सांगतात,
मशीन नंतर तेच म्हणते.
डबा खाताना म्हणाले, "आज काय केलं?"
"लिंट काढलं."
"आमी बी थेच काढतो ना."
"नाही बाबा, आमच्यात लिंट म्हणजे कचरा."
त्यांचा घास हातातच राहिला.
"मंग गाठी कायच्या बांधता, माय?"

संध्याकाळी एक कमांड दिली, सहा सेकंद,
सगळं सरळ झालं.
सुगत मेश्रामचंही.
दोन वर्षं झाली त्याला पुण्याला जाऊन.
तो स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला द्यायचा,
आम्ही हसायचो.
आता त्याच्या ओळींसमोर
लिहिणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव येत होतं.

एक फाईल मागे फिरवली. भावाच्या तक्त्याची.
तिला नियमांतून वगळलं.
वगळायचं तर कारण लिहायचं,
हाही आमचाच नियम.
लिहिलं: सुगतनं लिहिलेली, चालते आहे, हात लावू नये

वृषालीनं सकाळी वाचलं, मंजूर केलं.
शेवटी टिंब दे, एवढंच म्हणाली.