मोर्चाल

आईच्या पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी, शेंगाचटणी.
काखेत सूप. सूप कशाला, मी विचारलं.
"मोर्चा आहे म्हणून हात रिकामे ठेवू?
पाच-सातशे विड्या तिथं बसून होतात."

मी तेव्हा तिसरीत.
वहीत लिहिलं होतं: मोर्चा म्हणजे
घोषणा देत रस्त्यानं चालणे.

गुरसिद्ध हवालदार, रिटायर,
भुईकोटाच्या बागेत संध्याकाळी शेंगा सोलत बसायचे.
वही बघून हसले.
"चालतो तो मोर्चा कसला रे?
मोर्चा धरायचा असतो.
खड्डा खणायचा, माती पुढं लोटायची,
आणि हलायचं नाही."
बोट खंदकाकडं. खंदकात
पाणी नव्हतं, कुणाचा तरी चेंडू होता.

पुढं खूप वर्षांनी बँकेच्या रांगेत
फारसी जाणणाऱ्या इनामदार सरांनी तो शब्द
घडी पडलेल्या नोटेसारखा उलगडला:
मूर म्हणजे मुंगी.
मूर्चाल, मोर्चाल, मुंगीचं बीळ.
रात्रभर माती उकरून आत दडणारी माणसं
कुणीतरी उंचावरून पाहिली असतील,
आणि म्हणाला असेल.
"असेल," सर दोनदा म्हणाले,
"शब्द जन्मताना सुईण कुठं होती?"

घरी येऊन सांगितलं.
आईच्या दाताखाली दोरा.
"चीमलु?" तिनं तेलुगूत विचारलं
आणि उठून साखरेचा डबा बघून आली.

यंदा पूनम गेटला
बॅरिकेड आडवे होते. पुढची रांग थांबली,
मागची तिच्या पाठीवर आदळली.
भोंग्यावरून कुणी सांगत होतं,
पाच जणी आत या, निवेदन द्या,
बाकीच्यांनी घरी जायचं.

घोषणा थांबल्या.
आधी आई बसली.
मग अंबूबाई, मग गुडघा धरत व्यंकटव्वा,
मग मागं कुठवर ते दिसेना.
डांबर तापलेलं. खणायला माती नव्हती,
पदराची घडी खाली घेतली एवढंच.
सूप मांडीवर. पान, चिमूटभर तंबाखू,
वळ, दुमड, दोरा.

मी कडेला उभा, हातात बाटली.
हवालदार असते तर त्यांना
बोलावून आणलं असतं.

एका पोरसवदा शिपायानं
काठी बगलेत धरली
आणि बूट मागं घेतला,
तंबाखू सांडेल म्हणून.

तीनच्या सुमाराला तिनं मोजल्या.
सहाशे चाळीस.
त्यातल्या दोन सैल झाल्या होत्या,
त्या सोडून तिनं
परत वळल्या.