गळ्यात काही नाही

कोरडा आवंढा गिळला की कळतं, गोळा आहे.
घास गिळला की नसतो.
ही कुठली तऱ्हा?
थुंकीला अडवतो
आणि कळण्याच्या भाकरीला, ठेच्याला
मुकाट वाट देतो.

चोपडा बसस्थानक, चौकशीची खिडकी.
बावीस वर्षं याच माइकवरून मी गाड्या सोडते.
यावल, अमळनेर, शिरपूर,
फलाट एक, फलाट चार.
बोलत असते तेव्हाही नसतो तो.
बटण बंद केलं की येऊन बसतो
कंठाच्या खळग्यात,
बोराच्या आठळीएवढा.

औषधं सगळ्यांनी सांगितली.
ज्येष्ठमध चघळ, तिखट सोड, मिठाच्या गुळण्या कर.
सुपडूच्या मावशीने नजर उतरवली,
चुलीत मिरच्या टाकल्या,
अख्ख्या घराला ठसका लागला, मला नाही.
ड्रायव्हर लोकांनी तर त्या रोगाचं नावच घेतलं नाही,
माझ्याकडे बघून
तंबाखूची पुडी खिशात आत सरकवली नुसती.

जळगावला डॉक्टर बऱ्हाटेंनी
नाकातून दोऱ्यासारखी नळी घातली,
पडद्यावर माझाच गळा दाखवला:
ओला, गुलाबी, रिकामा,
पहाटे चारच्या स्टँडसारखा.
"गळ्यात काही नाही, ताई."
"मग मला लागतंय ते काय?"
"स्नायू आवळून धरलाय तुम्ही. मूठ वळतो ना, तसा.
वर रात्री पोटातलं आंबट चढतं, ते त्याला डिवचतं.
खाकरू नका, खाकराल तितका तो हट्टाला पेटेल.
घोट घोट पाणी प्या. सातला जेवून घ्या.
खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा.
घास अडला, दुखलं, वजन उतरलं, तर मात्र लगेच या."
मग कागदावरून मान वर न करता,
"घरात कोणी गेलं का एवढ्यात?"

"घरात? नाही."

खोटं नव्हतं ते.
गेंदी पावरा माझ्या घरातली नव्हती.
कंडक्टर होती.
एकोणीस वर्षं दुपारी दीडला
तिची मक्याची भाकरी, माझं भरीत,
मधे एकाच डब्याचं झाकण.
कावीळ झाली, सहा दिवसांत गेली.
डेपोतली माणसं मातीला निघाली,
त्यांच्यासाठी गाडी काढली,
आणि खिडकीवर पाळी माझी होती.
"वैजापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे."
रोजच्याच आवाजात.
शब्द एकही हलला नाही.
नियमाप्रमाणे दोनदा म्हणाले
आणि बटण बंद केलं.

सुपडूने तापीकाठच्या भट्टीवरून विटा आणल्या.
एक जरा उंच निघाली,
तेव्हापासून आमची खाट डावीकडे कलते.
तशाच कललेल्या अंधारात त्याने विचारलं,
"काय शे व तुन्हा घशामा?"
मी सांगितलं. फलाट तीनचं. झाकणाचं.
तो काही बोलला नाही,
उठून माठातलं पाणी घेऊन आला.
पिताना रडू फुटलं, पाणी नाकात गेलं,
असा ठसका लागला की शेजारचा दिवा पेटला.
हसलोसुद्धा मग आम्ही.

वाटलं होतं, सांगितलं की जाईल.
सकाळी आवंढा गिळला. होता.

आता चार चार दिवस आठवणही होत नाही त्याची.
मग एखाद्या दुपारी
डब्याचं झाकण काढताना पुन्हा येतो,
आठळी नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा.
मी खाकरत नाही.
पाण्याचा एक घोट घेते
आणि बंद माइकसमोर
हळूच म्हणते,
गेंदी, दीड वाजला.